‘पेण’ला लागतात 9 बाइट

पहाटे 5.30. रात्री लावलेलं कम्पाइल आधी बघायचं, चहा मग. केडीई डेस्कटॉपमधले काही प्रोग्रॅम मी चेरी प्रोसेसरसाठीच्या चेरीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवून बघतो, तेही एम्युलेटरमध्ये. चेरी असलेला खरा बोर्ड, आर्मचा मोरेलो, माझ्याजवळ नाही. रात्री लाइट गेली होती, पण इन्व्हर्टर टिकला.

शेजारचे काका खारेपाटात बांध बघायला निघालेत. आज उधाण आहे. खेकड्याचं एखादं बीळ नजरेतून सुटलं की तिथूनच खांड जाते आणि खारं पाणी भातात शिरतं.

सकाळी 9. सी आणि सी++ मध्ये पॉइंटर म्हणजे नुसता एक आकडा. तो कुठवर जाऊ शकतो हे प्रोसेसरला ठाऊकच नसतं, सगळी भिस्त लिहिणाऱ्याच्या नजरेवर. केंब्रिज विद्यापीठ आणि एसआरआय यांनी 2010मध्ये सुरू केलेल्या चेरी या प्रोसेसर-रचनेत पॉइंटर 128 बिटांचा होतो. पत्त्यासोबत त्याची हद्द आणि परवानगी त्यातच असते. शिवाय एक वेगळा बिट पॉइंटर अस्सल आहे की नाही ते सांगतो. तो बिट प्रोग्रॅमला स्वतःहून लावता येत नाही.

सकाळी 11. गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या छापणारा माझाच जुना प्रोग्रॅम चेरीवर चालवला. पहिल्याच नावाला सिगप्रॉट, म्हणजे हद्द मोडल्याचा इशारा, येऊन बंद पडला! नाव होतं ‘पेण’. डोळ्यांना दोन अक्षरं, युनिकोडमध्ये तीन चिन्हं: प, एकार, ण. यूटीएफ-8मध्ये प्रत्येकाला 3 बाइट, म्हणजे 9, आणि शेवटचा शून्य धरून 10. मी जागा मागितली होती चिन्हं मोजून, शून्यासकट 4 बाइट. साध्या मशीनवर जागा देणारं मालॉक मागितल्यापेक्षा जास्तच जागा देतं, त्यामुळे वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. चेरीने चार बाइटांच्या पुढे पाऊल पडताच अडवलं. आपल्या लिपीसाठी चेरीचं काम किती मोलाचं आहे, ते मला त्या क्षणी उमगलं.

दुपारी मेमूने रोह्याला. मित्राचं डीटीपीचं दुकान आहे, सगळं लिनक्सवर. सकाळची गोष्ट ऐकून तो विचारतो, “अरे, पण एवढं सगळं सॉफ्टवेअर पुन्हा लिहायचं का?” नाही. 2021च्या अभ्यासात एका इंजिनिअरने तीन महिन्यांत केडीईसकट सुमारे 60 लाख ओळींचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर चेरीवर आणलं. बदलाव्या लागल्या 0.026 टक्के ओळी, म्हणजे दहा हजारांमागे दोन-तीन. जुन्या सुरक्षा-दोषांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश चेरीमुळे आटोक्यात आले असते, असा त्या अभ्यासाचा हिशेब.

“मग माझ्या मशीनवर कधी?” याचं उत्तर मी देऊ शकलो नाही. बाजारात आलेल्या फोनांपैकी पिक्सेल 8मध्ये चेरी नाही, पण आर्मचं मेमरी टॅगिंग आहे. त्यात मेमरीच्या 16-16 बाइटांच्या तुकड्यांना खूण असते. माझं ‘पेण’ 10 बाइटांत मावतं, म्हणजे एकाच तुकड्यात, आणि चूक तशीच सुटली असती. ‘नागोठणे’ 22 बाइटांचं, ते बहुधा पकडलं गेलं असतं. हा फरक मित्राला कागदावर चौकटी काढून दाखवला.

रात्री 9. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा: पाचही नावं छापून झाली. काका परतलेत, तीन बिळं सापडली, चिखल भरून बुजवली म्हणाले. चिन्हं मोजून जागा मागणाऱ्या आणखी सहा ओळी मला सापडल्यात. दोन दुरुस्त केल्या, चार उद्या. कम्पाइल लावलंय.