स्क्वाँक मॉड म्हणजे काय? बाटली दाबून चालणारं हे व्हेप कसं काम करतं आणि भारतात ते अडचणीत का आणू शकतं?

रील्स बघताना तुम्ही हे कदाचित पाहिलं असेल. एक तरुण हातातल्या चौकोनी डब्याच्या कडेला असलेली मऊ बाटली बोटाने दाबतो, बटण दाबून झुरका घेतो आणि तोंडातून पांढऱ्या वाफेचा मोठा ढग सोडतो. पुढच्याच व्हिडिओत तोच डबा उघडून कुणी स्क्रू-ड्रायव्हरने बारीक तार बसवत असतं, तर कुणी त्या तारेत कापूस ओवत असतं.

हे नेहमीचं वापरून फेकून द्यायचं व्हेप नाही. याला 'स्क्वाँक मॉड' किंवा 'बॉटम फीडर' म्हणतात. ब्रिटन, अमेरिका, फिलिपिन्स अशा देशांत याची हौस असलेल्यांचं एक वेगळंच जग आहे. पण ही हौस वीज, लिथियमची बॅटरी आणि निकोटीन या तीन गोष्टींवर उभी आहे. शिवाय भारतात हे उपकरण विकणं, आयात करणं आणि त्याची जाहिरात करणंही गुन्हा आहे. म्हणून ते चालतं कसं आणि त्यात धोका नेमका कुठे आहे, हे समजून घेऊ.

बाटली खाली, तार वर

कुठल्याही ई-सिगारेटचं मूळ तत्त्व सारखंच असतं. बॅटरी तारेला तापवते. तारेजवळच्या कापसात भिजलेलं द्रव गरम होऊन त्याची वाफ होते आणि ती वाफ ओढली जाते. आजच्या ई-सिगारेटचं श्रेय २००३ मध्ये ती तयार करणारे चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांना दिलं जातं. तशी ही कल्पना त्याहून जुनी. अमेरिकेच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांना धूररहित सिगारेटचं पेटंट १९६५ मध्येच मिळालं होतं.

पुढे हौशी लोकांनी 'ड्रिपर' नावाचा प्रकार उचलून धरला. यात द्रवाची टाकी नसते. उघड्या तबकडीवर तार आणि कापूस असतो आणि वरून द्रवाचे थेंब टाकायचे असतात. चव चांगली येते म्हणून तो लोकप्रिय झाला, पण दर चार-पाच झुरक्यांनंतर टोपण काढून पुन्हा थेंब टाकावे लागतात. चालता-बोलता हे जमत नाही.

स्क्वाँक मॉड हा त्यावरचा उपाय. डब्याच्या आत बॅटरीशेजारी साधारण ६ ते १० मिलीलीटरची सिलिकॉनची मऊ बाटली बसवलेली असते. वरच्या ड्रिपरच्या मधोमध असलेली पिन आतून पोकळ असते. बाटली दाबली की द्रव नळीतून त्या पिनमधून वर चढतं आणि कापूस भिजतो. बोट सोडलं की बाटली पुन्हा फुगते आणि जास्तीचं द्रव खाली खेचून घेते. रंगपंचमीची पिचकारी पाण्यात बुडवून दट्ट्या मागे ओढला की पाणी आत येतं, तसंच काहीसं.

'रिबिल्डेबल' म्हणजे काय?

साध्या व्हेपमध्ये तयार कॉइल येते. ती जळली की फेकायची आणि नवी घालायची. रिबिल्डेबल प्रकारात ही कॉइल वापरणारा स्वतः तयार करतो.

त्यासाठी कँथल, नायक्रोम किंवा स्टेनलेस स्टीलची बारीक तार वापरली जाते. यातली नायक्रोम आपल्या ओळखीची आहे. जुन्या विजेच्या शेगडीत लालबुंद होणारी तार तीच. तारेचे पाच-सहा वेढे देऊन छोटी स्प्रिंग बनवतात, तिची दोन टोकं तबकडीवरच्या खांबांमध्ये स्क्रूने आवळतात आणि उरलेली शेपटं कापून टाकतात. मग स्प्रिंगच्या पोकळीतून कापसाची वात ओढतात.

वात हा शब्द इथे चपखल बसतो. समईतली वात जसं तेल वर ओढते, तसाच हा कापूस द्रव तारेपर्यंत पोहोचवतो. वात फार घट्ट झाली तर द्रव पोहोचत नाही, फार सैल झाली तर गळती होते. कोरडा कापूस तापला तर तो करपतो आणि घशाला झणका बसतो. हौशी लोक याला 'ड्राय हिट' म्हणतात. त्यात प्रश्न फक्त चवीचा नसतो. द्रव आणि कापूस असे जास्त तापले की फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिनसारखी घातक रसायनं तयार होतात.

या तारकामाकडे लोक वळतात ते मुख्यतः दोन कारणांसाठी. एक म्हणजे खर्च. तारेच्या एका रिळातून आणि कापसाच्या एका पुडीतून कित्येक कॉइल होतात. दुसरं म्हणजे स्वतः काही बनवल्याचं समाधान. सायकल स्वतः खोलून जोडणाऱ्याला मिळतं तसं. मात्र सायकल चुकीची जोडली तर चेन पडते. इथे चूक झाली तर बॅटरी पेट घेऊ शकते.

शाळेतला ओहमचा नियम इथे जीव वाचवतो

स्क्वाँक मॉड दोन प्रकारचे असतात. 'रेग्युलेटेड' मॉडमध्ये इलेक्ट्रॉनिक चिप असते. ती कॉइलचा रोध मोजते, शॉर्ट सर्किट झालं तर वीज तोडते आणि किती शक्ती द्यायची ते ठरवते. 'मेकॅनिकल' मॉडमध्ये यातलं काहीच नसतं. बॅटरी, बटण आणि कॉइल यांची थेट जोडणी असते. बटण दाबलं की वीज वाहते, आणि ती किती वाहावी यावर कुणाचाही लगाम नसतो.

इथे शाळेतला ओहमचा नियम आठवावा लागतो. विद्युतधारा म्हणजे व्होल्टेज भागिले रोध. पूर्ण चार्ज झालेल्या लिथियम-आयन सेलचं व्होल्टेज ४.२ असतं.

• कॉइलचा रोध ०.५ ओहम असेल, तर ४.२ भागिले ०.५, म्हणजे ८.४ अँपिअर.
• रोध ०.२ ओहम असेल, तर २१ अँपिअर.
• रोध ०.१ ओहम असेल, तर तब्बल ४२ अँपिअर.

या उपकरणांत '१८६५०' नावाचा सेल सर्रास वापरला जातो. १८ मिलीमीटर व्यास आणि ६५ मिलीमीटर लांबी, यावरून हे नाव पडलं. जास्त धारा देणाऱ्या अशा अनेक सेलची सलग धारेची मर्यादा २० अँपिअरच्या आसपास असते. याचा अर्थ ०.२ ओहमच्या कॉइलनेच ती ओलांडली जाते. तारेचा एखादा वेढा कमी पडला किंवा कापलेलं टोक धातूच्या तबकडीला टेकलं, तर रोध आणखी खाली जातो. चिप असेल तर ती वीज तोडेल. मेकॅनिकल मॉडमध्ये सेल तापतच राहतो.

म्हणूनच जिथे हे कायदेशीर आहे, तिथले जाणकार नवख्यांना मेकॅनिकल मॉडला हात लावू देत नाहीत. सुरुवात चिप असलेल्या मॉडने करायची आणि प्रत्येक नवी कॉइल बसवल्यावर रोध मोजायचा, हे त्यांचे पहिले धडे असतात.

बॅटरीचं प्लास्टिक फाटलं तर?

हा मुद्दा व्हेपशी संबंध नसलेल्यांनीही वाचावा, कारण १८६५० सेल टॉर्च आणि पॉवर बँकमध्येही असतात.

या सेलचं बाहेरचं सगळं धातूचं आवरण ऋण टोक असतं. धन टोक फक्त वरच्या छोट्या बटणापुरतं. दोघांच्या मध्ये असते ती एक पातळ वॉशर आणि प्लास्टिकचं कव्हर. ते कव्हर फाटलं तर धातूला धातू लागून शॉर्ट सर्किट होऊ शकतं. असा सुटा सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांसोबत ठेवला तरी तेच होतं. सेलच्या आत एकदा रासायनिक उष्णतेची साखळी सुरू झाली की ती थांबवता येत नाही.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना मोजल्या होत्या. त्यात १३३ जण जखमी झाले, त्यातले ३८ गंभीर. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये व्हेपच्या स्फोटात एकेकाचा मृत्यू झाला. फ्लोरिडातलं उपकरण मेकॅनिकल प्रकारचं होतं. नळीसारख्या बंद धातूच्या डब्यात सेलमधल्या वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर डब्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तर सुटे १८६५० सेल विकतच घेऊ नका, असा इशारा दिला. हे सेल मुळात संरक्षक सर्किटसह बॅटरी पॅकमध्ये बसवण्यासाठी बनतात, एकेकटे हाताळण्यासाठी नाही.

धूर नाही, मग निरुपद्रवी का?

नाही. यात वापरल्या जाणाऱ्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकोल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, स्वादद्रव्यं आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. निकोटीनची सवय लागते, ते विषारी असतं आणि त्वचेतूनही शरीरात जातं. स्क्वाँक मॉडमध्ये बाटली भरणं, नळी पुसणं, गळती साफ करणं ही कामं रोजची असल्यामुळे हाताला द्रव लागण्याची शक्यता जास्त. घरात लहान मूल असेल तर उघडी राहिलेली गोड वासाची बाटली हा थेट धोका ठरतो.

ब्रिटनची भूमिका इथे वेगळी आहे. तिथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना व्हेपचा पर्याय सुचवते, कारण त्यात जळण्याची प्रक्रिया नसते आणि त्यामुळे टार आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत नाही. पण तिथेही १८ वर्षांखालच्यांना विक्रीला बंदी आहे आणि द्रवात एका मिलीलीटरला २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही. जे कधीच सिगारेट ओढत नव्हते त्यांनी व्हेप सुरू करू नये, हा सल्ला तिथेही दिला जातो.

द्रव कुठून आलं, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपशी संबंधित फुप्फुसाच्या आजाराने २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले. त्यात ६८ मृत्यूंची नोंद झाली. त्यामागे मुख्यतः गांजातला टीएचसी असलेल्या अनधिकृत काडतुसांमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट असल्याचं तपासात दिसलं. थोडक्यात, बाटलीत काय आहे हे माहीत नसेल तर धोका अनेक पटींनी वाढतो.

भारतात कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी आणली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्याआधी मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. तरुण मुलं यातून निकोटीनकडे वळतील, ही मुख्य चिंता होती. विडी-सिगारेट दुकानात मिळते आणि व्हेपवर मात्र बंदी, हे कसं, असा आक्षेप टीकाकार तेव्हापासून घेत आले आहेत. पण कायदा आज लागू आहे.

स्क्वाँक मॉडच्या बाबतीत या कायद्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

एक, सुटे भाग. बंदी पूर्ण उपकरणापुरती नाही, त्याच्या कोणत्याही भागावरही आहे. 'उत्पादन' या शब्दाच्या व्याख्येत जोडणीचाही समावेश आहे. त्यामुळे 'पूर्ण व्हेप नाही, फक्त पार्ट मागवले' हा युक्तिवाद टिकणं कठीण आहे.

दोन, निकोटीन नसलं तरी. कायद्यातल्या ई-सिगारेटच्या व्याख्येत निकोटीन असलेली आणि नसलेली, दोन्ही उपकरणं येतात.

तीन, जाहिरात. ई-सिगारेटच्या वापराला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष उत्तेजन देणारी जाहिरात करणं किंवा तिच्यात भाग घेणंही गुन्हा आहे. पैसे घेऊन असं रील बनवणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री किंवा जाहिरात यासाठी पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा तोच गुन्हा केला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठवणुकीसाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय ई-सिगारेट कोणत्याही स्वरूपात बाळगणं हे कायद्याचं उल्लंघन असल्याचं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

परदेशातून येत असाल तर

लंडन किंवा मँचेस्टरला शिकणारा मुलगा तिथे दुकानातून कायदेशीरपणे घेतलेला मॉड बॅगेत टाकून मुंबईला उतरला, तर तिथलं बिल इथे कामाचं नाही. आयातीवर बंदी आहे आणि 'स्वतःच्या वापरासाठी' अशी वेगळी सूट कायद्यात नाही. वाटेत सिंगापूरला थांबणार असाल तर आणखी जपा, तिथे व्हेप बाळगणं आणि वापरणंही गुन्हा आहे.

आणि घरातलं कुणी सिगारेट सोडण्यासाठी व्हेपचा विचार करत असेल, तर भारतात त्यासाठी कायदेशीर वाटा उपलब्ध आहेत. निकोटीनची च्युइंगगम आणि पॅच औषधाच्या दुकानात मिळतात. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि तिथे फोन करायला पैसे लागत नाहीत.