बिनखात्याचा ई-रीडर चालतो का?

चालतो. तळेगाव (श्यामजी पंत)च्या स्टँडवर आर्वीच्या एसटीची वाट बघताना वाचायला म्हणून अ‍ॅमेझॉनचा किंडल घेतला आणि डबा उघडताच त्यानं ईमेल, पासवर्ड, वायफाय मागितलं, तर बिचकू नका. बऱ्याच मॉडेलांवर ही पायरी ‘नंतर’ म्हणून टाळता येते. पान उलटतं, अक्षर मोठं होतं, खूण जागेवर राहते. वाचायला एवढंच तर लागतं!

अडतं ते दुकानापाशी. पुस्तक विकत घेता येत नाही, आणि फोनवर जिथं थांबलात तिथून किंडलवर पुढं वाचता येत नाही. पुस्तकांचे गट करून ठेवायची सोयही सहसा बंद असते; शंभरेक पुस्तकं झाली की तिची उणीव चांगलीच जाणवते. यंत्राचं अपडेट मात्र कंपनीच्या साइटवरून उतरवून केबलनं टाकता येतं, त्यासाठी खातं लागत नाही.

खरी मेख ईपब फाइलची, म्हणजे ई-पुस्तकांच्या रूढ प्रकाराची. केबलनं टाकलेला ईपब किंडल उघडतच नाही. 2022 पासून अ‍ॅमेझॉन ईपब बदलून देतं, पण ती सोय फक्त खातेदारांना. बाकीच्यांचा तारणहार म्हणजे ‘कॅलिबर’ हे फुकट सॉफ्टवेअर, आणि ते लिहिलंय एका भारतीयानं. सोनीचा नवा ई-रीडर लिनक्सवर चालेना, म्हणून कोविद गोयल यांनी 2006 मध्ये स्वतःच प्रोग्रॅम लिहायला घेतला. आज जगभरातले वाचक तो वापरतात. त्यात ईपबचा किंडलला चालणारा एझेडडब्ल्यू3 करा, केबल जोडा, फाइल टाका. आधी एखादाच धडा टाकून जोडाक्षरं नीट दिसतात का ते बघा, जुन्या यंत्रांवर ती फुटतात. अक्षराचं वळण आवडलं नाही, तर अलीकडच्या किंडलच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता फॉन्ट टाकून पाहा. तोही फुकट.

किंडलखेरीज इतर ई-रीडरांपैकी कोबो सुरुवातीलाच खात्याचा हट्ट धरतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातली की तोही मुकाट चालतो. पॉकेटबुक तर खातं मागतच नाही आणि ईपब थेट उघडतो.

आता वाचायचं काय? इथं आपली चंगळ आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. गांधीजींचं झालं 1 जानेवारी 2009 ला, साने गुरुजींचं 2011 ला. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ईपबमध्ये उतरवता येतात, खातं न उघडता. तळेगावाहून अमरावतीच्या रस्त्याला लागलं की मोझरीचं गुरुकुंज, तुकडोजी महाराजांचा आश्रम, येतो. महाराज 1968 मध्ये गेले, म्हणजे या हिशेबानं त्यांचं लेखन 1 जानेवारी 2029 ला खुलं होईल. आपल्याच वर्धा जिल्ह्यातल्या पवनारच्या विनोबांसाठी मात्र 2043 उजाडावं लागेल. त्यांची गीतेवरची प्रवचनं 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती टिपून घेतली साने गुरुजींनी! बोलणाऱ्याचे शब्द अजून राखीव, टिपणाऱ्याची स्वतःची पुस्तकं केव्हाच मोकळी.

तरी नवे लेखक वाचायचे तर खातं जरूर उघडा. किंडलच्या दुकानात 2016 च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं आहेत, आणि लिहिणाऱ्याला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. फक्त एवढं ध्यानात असू द्या की खात्यातलं पुस्तक पुरतं आपलं नसतं. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसल्या. पैसे परत दिले, पुढं माफीही मागितली. त्यातली एक होती ‘1984’, सरकारी पाळत आणि पुसलेल्या नोंदी यांचीच गोष्ट. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही गेली; ग्राहकांच्या हाती परतावा तेवढा आला. फेब्रुवारी 2025 पासून तर विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून केबलनं टाकण्याची सोयही बंद झाली. केबलनं आपण टाकलेल्या फाइलची प्रत मात्र आपल्याच संगणकात राहते.

जुना किंडल घेताय? मग आधीच्या मालकाचं खातं त्यातून काढलंय ना, ते पैसे देण्याआधी तपासा. नाहीतर तुम्ही सहज बोट लावाल आणि पुस्तकाचं बिल त्यांच्या कार्डावर पडेल.

आणि आपल्याकडं खात्याहून मोठा घोर उन्हाचा. किंडलच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान 0 ते 35 अंश दिलंय, आणि वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत किंडल अजिबात ठेवू नका.