मैदानावरचे गुरुजी : अमेरिकेतील शालेय फुटबॉलचे प्रशिक्षक

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू लांबट असतो आणि तो बहुतांशी हातात धरून पळवला जातो. अंगावर चिलखतासारखे साहित्य चढवलेले अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर भिडतात आणि चेंडू प्रतिपक्षाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण मिळतात. माध्यमिक शाळांचे सामने प्रायः शुक्रवारी संध्याकाळी होतात आणि लहान गावांत त्या संध्याकाळी अवघे गाव मैदानावर लोटते. त्यामुळे शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक हा तेथे मुख्याध्यापकाहूनही अधिक ओळखीचा माणूस असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हा प्रशिक्षक बहुधा शिक्षकच असतो. दिवसा इतिहास किंवा शारीरिक शिक्षण शिकवावे, वर्ग सुटल्यावर मैदानावर उतरावे आणि त्या कामाचे थोडे वेगळे मानधन घ्यावे, अशी तेथील रीत आहे. व्यावसायिक फुटबॉलमधील सर्वोच्च चषकाला ज्यांचे नाव दिले गेले ते विन्स लोम्बार्डी १९३९ साली न्यू जर्सीतील एका शाळेत रुजू झाले, तेव्हा लॅटिन, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवत होते. पुढे मोठ्या संघांकडे गेलेले असे काही थोडेच. बाकीच्यांचे आयुष्य शाळेतच सरते.

जॉन मॅकिसिक हे त्यांतले अग्रगण्य नाव. दक्षिण कॅरोलिनातील समरव्हिल हायस्कूलमध्ये ते १९५२ साली मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१४ पर्यंत त्याच पदावर राहिले. त्रेसष्ट हंगाम, ६२१ विजय, दहा राज्य अजिंक्यपदे. ज्यांना त्यांनी शिकवले त्यांची मुले आणि नातवंडेही त्यांच्याच शिट्टीवर धावली. दुसरे नाव बॉब लाडुसर यांचे. कॅलिफोर्नियातील काँकर्ड येथील दे ला साल या कॅथलिक शाळेत ते धर्मशिक्षण शिकवत. १९७९ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी ज्या संघाची सूत्रे घेतली त्याने तोवर एकाही हंगामात पराभवांहून अधिक विजय मिळवले नव्हते. पुढे याच शाळेने १९९२ पासून सलग १५१ सामने जिंकले. ही मालिका सप्टेंबर २००४ मध्ये खंडित झाली. लाडुसर यांची एक पद्धत आम्हांस विशेष वाटते. सामन्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपले उद्दिष्ट एका कार्डावर लिहायचे आणि ते सोबत्याच्या हाती द्यायचे. म्हणजे शब्द द्यायचा तो प्रशिक्षकाला नव्हे, शेजारच्या मुलाला.

हे आकडे थोरच आहेत. परंतु असे आकडे जमायला एक पूर्वअट लागते : शाळा टिकली पाहिजे आणि त्या शाळेत आपले पद टिकले पाहिजे. १९५२ साली समरव्हिल हायस्कूल केवळ गोऱ्या मुलांसाठी होते. दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, मैदाने अपुरी, साहित्य पुष्कळदा गोऱ्या शाळांनी वापरून टाकलेले. टेक्सासात तर वारसुद्धा वाटून दिलेले होते. शुक्रवारची रात्र गोऱ्या शाळांची. कृष्णवर्णीय शाळांनी त्याच मैदानावर बुधवारी किंवा गुरुवारी खेळावे. या शाळांतही अव्वल प्रशिक्षक होते. बोमाँट गावचे विली रे स्मिथ हे त्यांपैकी एक; त्यांच्याच हाताखाली तयार झालेला त्यांचा मुलगा बब्बा स्मिथ १९६७ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत देशात पहिला निवडला गेला.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. निकाल न्यायाचाच होता. अंमलबजावणी मात्र गोऱ्या शालेय मंडळांच्या हाती राहिली. शाळा एकत्र करायच्या म्हणजे बंद कोणती करायची? बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीयांची. मग तिचे मुख्याध्यापक उपमुख्याध्यापक होत आणि मुख्य प्रशिक्षक सहायक. हजारो शिक्षकांच्या नोकऱ्याच गेल्या. बंद पडलेल्या शाळांचे चषक आणि छायाचित्रे कित्येकदा कचऱ्यात गेली. दार उघडले, पण आत जाताना आपल्या माणसाची खुर्ची बाहेर ठेवावी लागली. याचा अर्थ आमच्या वाचकांना फोड करून सांगण्याची गरज नाही.

हर्मन बून यांची कथा येथूनच सुरू होते. उत्तर कॅरोलिनातील विल्यमस्टन गावी, कृष्णवर्णीयांच्या ई. जे. हेज हायस्कूलमध्ये, त्यांनी नऊ वर्षांत ९९ सामने जिंकले आणि केवळ ८ गमावले. १९६९ साली एकत्रीकरणाची वेळ आली तेव्हा त्यांना सांगण्यात आले की गावाची अजून कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकासाठी तयारी नाही. सहायक म्हणून राहावे. बून यांनी राजीनामा दिला.

ते व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया शहरी टी. सी. विल्यम्स हायस्कूलमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून आले. १९७१ साली शहराने तिन्ही हायस्कूलचे वरचे वर्ग याच शाळेत आणले आणि मुख्य प्रशिक्षकपद बून यांना दिले. या वेळी बाजूला सरावे लागले ते बिल योस्ट या यशस्वी गोऱ्या प्रशिक्षकाला. योस्ट सोडून गेले नाहीत. बून यांच्या हाताखाली राहिले. ऑगस्टमध्ये संघ सरावासाठी गेटिसबर्गच्या महाविद्यालयात गेला. तेथे कृष्णवर्णीय आणि गोरी मुले एका खोलीत ठेवली गेली. वसतिगृहात वाढलेल्यांना ठाऊक असते की एका खोलीत राहणे हे एका वर्गात बसण्याहून कठीण असते. त्या हंगामातले तेराही सामने संघाने जिंकले आणि राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना २७-० असा जिंकला.

२००० साली निघालेल्या ‘रिमेंबर द टायटन्स’ या चित्रपटाने ही कथा जगभर नेली. चित्रपटात रंग चढवलेला आहे. शहरातील शाळांचे एकत्रीकरण प्रत्यक्षात काही वर्षे आधीच सुरू झाले होते. बून यांना १९७९ साली, खेळाडूंशी असलेल्या कठोर वागणुकीच्या तक्रारींनंतर, पद सोडावे लागले, हेही त्यात नाही. आमच्या मते ते सांगितल्याने त्यांचे १९७१ चे काम उणे होत नाही. पण कडक शिस्त आणि जाच यांतली रेषा प्रशिक्षकाने रोज नव्याने पाहावी लागते, एवढे त्यातून कळते.

योस्ट, मॅकिसिक आणि बून तिघेही एकाच वर्षी, २०१९ साली, निवर्तले. टी. सी. विल्यम्स हे ज्यांचे नाव शाळेला होते ते शहराचे शिक्षण अधीक्षक एकत्रीकरणाचे कट्टर विरोधक होते. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय आईने आपल्या मुलांसाठी प्रवेशाच्या खटल्यात नाव दिले, म्हणून १९५८ साली त्यांनी तिला कामावरून काढले होते. बून यांचा संघ जिंकला तो याच नावाच्या शाळेसाठी. २०२१ साली ते नाव उतरवण्यात आले. शाळा आता अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल या नावाने ओळखली जाते. तिच्या संघाचे नाव टायटन्स हेच आहे.