कॅबवाल्याला रस्ता कोण दाखवतं?

कॅबच्या डॅशबोर्डवर अडकवलेल्या फोनमध्ये एक बाण सरकत असतो. त्या बाणाला जागेवर ठेवणारी घड्याळं जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, जीपीएसच्या उपग्रहांत बसवलेली आहेत! फोनला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात: तीन जागा काढायला आणि चौथा फोनच्या स्वतःच्या घड्याळाची चूक पकडायला. कारण सगळा हिशेब वेळेचा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने हुकतं.

इथे आइन्स्टाइन मदतीला येतात. सापेक्षतेमुळे उपग्रहावरचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. ही दुरुस्ती केलीच नाही, तर एका दिवसात सुमारे ११ किलोमीटरचा घोळ. प्रवासी दादरला उभा आणि गाडी त्याला अंधेरीत शोधतेय!

एक तारीखही लक्षात ठेवा: २ मे २०००. तोवर अमेरिका सामान्य लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून देत असे, चूक १०० मीटरपर्यंत जायची. त्या दिवशी हा अडसर निघाला. तो निघाला नसता, तर आजची ॲप-कॅब चाललीच नसती असं माझं ठाम मत आहे.

तरीही बाण चुकतो, आणि चुकतो तो बहुधा उंच इमारतींच्या गर्दीत. सिग्नल काचेवर, भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि फोनला वाटतं, आपण पलीकडच्या रस्त्यावर आहोत. यावर ‘उबर’च्या अभियंत्यांनी २०१८ मध्ये मांडलेला उपाय मला फार आवडतो. त्यांनी सावल्या वापरल्या! कोणता उपग्रह ठळक ‘दिसतोय’ आणि कोणता क्षीण, हे फोन सांगतो. इमारतींचा त्रिमितीय नकाशा सर्व्हरकडे असतो. मग अमुक उपग्रहाची सावली रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडेल, हे ताडून माणूस कुठल्या फुटपाथवर आहे याचा अंदाज बांधला जातो.

उड्डाणपूल ही वेगळी डोकेदुखी. जीपीएसला उंचीचा अंदाज जमिनीवरच्या जागेपेक्षा कमी नेमका येतो. त्यामुळे गाडी जेजे उड्डाणपुलावर आहे की खाली मोहम्मद अली रोडवर, हे ओळखताना ॲप गोंधळू शकतं. चालकासाठी हा फरक मोठा, कारण एकदा पूल चढला की मधे उतरायची सोय नाही. ‘पूल घ्या’ की ‘पुलाखालून जा’ हे सांगण्याची सोय गुगल मॅप्सने भारतातल्या ४० शहरांसाठी जाहीर केली ती थेट जुलै २०२४ मध्ये!

मग सर्वांत जवळचा रस्ता कसा निघतो? त्याचं मूळ १९५६ मधल्या ॲमस्टरडॅममध्ये आहे. खरेदी करून दमलेला तरुण एड्सगर डायक्स्ट्रा वाग्दत्त वधूसोबत एका कॅफेत कॉफी प्यायला बसला आणि कागद-पेन्सिल न घेता सुमारे वीस मिनिटांत त्याने ही रीत मनातच रचली. आजच्या नकाशांमध्ये तिच्या कितीतरी वेगवान वंशज पद्धती चालतात.

कुठल्या भागात प्रवासी जास्त आणि गाड्या कमी, हे मोजायला ‘उबर’ने पृथ्वी षटकोनांत वाटली. चौकोनाचे कोपऱ्यातले शेजारी लांब पडतात, षटकोनाचे सहाही शेजारी जवळपास सारख्याच अंतरावर. मात्र पूर्ण गोल नुसत्या षटकोनांनी झाकता येत नाही, १२ पंचकोन लागतातच. ते सगळे समुद्रात पडतील अशी मांडणी निवडली आहे. पाण्यात कोण कॅब बोलावणार!

नकाशावरचा लाल रस्ता मुख्यतः इतरांच्या फोनवरून कळतो. २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने हातगाडीत ९९ फोन भरून बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यावरून ती ओढत नेली. गुगलवर तिथे ‘ट्रॅफिक जाम’ दिसू लागला.

भारतात शेवटचे शंभर मीटर मात्र अजून तोंडीच पार होतात. ‘मारुतीच्या देवळापुढे’, ‘मेडिकलच्या बाजूला’ अशा खुणांवर आपण चालतो, हे ओळखून गुगलने २००९ मध्येच इथल्या दिशादर्शनात खुणा घातल्या. डाक विभागाने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला, म्हणजे देशातल्या साधारण ४ बाय ४ मीटरच्या प्रत्येक तुकड्याला १० अक्षर-अंकांचा पत्ता. पण मोठ्या सोसायटीचं मागचं गेट रात्री बंद असतं, हे कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. ते चालक फोन करून विचारतो. ट्रॅफिकमध्ये गाडी सांभाळत बाण, सूचना आणि फोन हे सगळं एकाच वेळी तो बघत असतो.

म्हणून पुढच्या वेळी कॅब बोलावताना पिन ॲपच्या भरवशावर सोडू नका. बोटाने सरकवून ती नेमक्या गेटवर ठेवा, रस्त्याच्या योग्य बाजूला उभे राहा आणि एक ओळीचा मेसेज टाका: ‘दादा, पुढच्या गेटला, मेडिकलसमोर.’