परसांतील तळ्याचा जीर्णोद्धार

विहीर आटली म्हणजे घरांतील लहानथोर सर्वांच्या ध्यानांत येतें. परंतु परसांतील तळें बिघडलें, तर दुर्गंधि सुटेपर्यंत त्याकडे कोणाचेंही लक्ष जात नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत तळ्यांची परंपरा फार जुनी आहे. तेथील मोठे तलाव बांधण्याचें श्रेय मुख्यत्वें कोहळी समाजास दिलें जातें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली व मोठे तलाव सरकारच्या ताब्यांत गेले. परंतु लहान तळें, ज्यास तिकडे बोडी म्हणतात, तें ज्याचें त्याच्याकडेच राहिलें; आणि त्याची हेळसांड झाली तर तिचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलतां येत नाहीं. आमच्या हातून अशी हेळसांड घडली. ती कशी निस्तरली, हें सांगितल्यास इतरांचा खर्च व पश्चात्ताप वांचेल, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमच्या घरामागें सुमारें ४ गुंठ्यांची बोडी आजोबांच्या वेळेपासून आहे. त्यांच्यामागें आम्हीं तिच्याकडे पाठ फिरविली. न्हाणीचें पाणी तिच्यांत सोडलें, गोठ्याचा ओघळ तिकडे वळला, गुरें वाटेल तेथून पाण्यांत उतरूं लागलीं आणि काठावर बेशरमाचें रान माजलें. पाणी प्रथम गढूळ व पुढें हिरवेंगार झालें. भाद्रपदांत सतत चार दिवस आभाळ भरलेलें असतां एके पहाटे सर्व मासे तोंडें वर काढून तळमळतांना दिसले व सूर्योदयापूर्वींच मरून तरंगूं लागले. कोणीं विष घातलें असावें, असा आम्हांस संशय आला. वस्तुतः विष घालणारे आम्हीच होतों.

याचें कारण असें. हिरव्या पाण्यांत अतिसूक्ष्म शेवाळाचे असंख्य कण असतात. दिवसा उन्हाच्या योगानें ते प्राणवायु निर्माण करतात. परंतु रात्रीं मासे, शेवाळ व तळचा कुजणारा गाळ हे तिघेही तोच प्राणवायु खर्च करतात. म्हणून पहाटे पाण्यांतील प्राणवायु सर्वांत कमी असतो. आभाळ राहिलें म्हणजे दिवसाची मिळकत बुडते, रात्रींचा खर्च मात्र चालूच राहतो. अशा वेळीं खाद्य व शेणखत तत्काळ बंद करून विहिरीचें पाणी उंचावरून धारेनें सोडावें. पाणी खळबळलें म्हणजे हवा त्यांत मिसळते व पुष्कळ मासे वांचतात. आम्हांस हें तेव्हां ठाऊक नव्हतें.

त्यानंतर आम्हीं पाण्यांत तुरटी टाकली. आठ दिवस पाणी निवळलें, नवव्या दिवशीं पूर्ववत् झालें. कंटाळून बोडी मुरुमानें बुजवून टाकण्याचें ठरविलें व ट्रॅक्टरवाल्यास सांगूनही ठेवलें. त्याच सुमारास शेजारचे एक वृद्ध ढिवर गृहस्थ, ज्यांच्या घराण्यानें आजोबांच्या वेळीं या बोडींत जाळें टाकलें होतें, आमच्याकडे आले. ते म्हणाले, "भाऊ, पाणी बिघडलें नाहीं, तळ बिघडला आहे. एक उन्हाळा तळाला ऊन दाखवा, मग काय तें ठरवा. बोडी बुजवाल तर विहिरीचें पाणीही जाईल." या शेवटच्या वाक्यानें आम्ही थबकलों, कारण आमची विहीर बोडीपासून वीस पावलांवर आहे.

गढूळपणाचा इलाज करण्यापूर्वीं त्याची जात ओळखावी. कांचेच्या बाटलींत तळ्याचें पाणी भरून रात्रभर स्थिर ठेवावें. सकाळीं माती तळाशीं बसून वरचें पाणी निवळ झालें, तर गुरांचे पाय, काठाची धूप किंवा तळ उकरणारे मासे यांपैकीं एखादें कारण आहे. तें दूर केलें कीं काम झालें. पाणी तांबूस वा मातकट तसेंच राहिलें, तर चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण आहेत असें समजावें. तेथें तुरटीचा उपयोग होतो. १०० घनमीटर पाण्यास १ ते २ किलो हें प्रमाण साधारण असून तें प्रथम बादलींत अजमावून पाहावें, कारण तुरटीनें पाण्यास आंबटपणा येतो. पाणी हिरवें राहिलें, तर मूळ रोग खताच्या अजीर्णाचा आहे. तेथें तुरटी म्हणजे केवळ वरवरची मलमपट्टी होय. आमची चूक नेमकी हीच झाली होती.

वैशाखांत बोडींत गुडघाभर पाणी उरलें असतां तें पंपानें भाजीच्या वाफ्यांत घेतलें. तळास भेगा पडेपर्यंत ऊन खाऊं दिलें आणि वीतभर काळा गाळ काढून बांध्यांत पसरला. बेशरम मुळांसकट उपटून दूर नेऊन वाळविला. त्याचे तुकडे ओल्या जागीं पडले तर पुन्हां फुटतात, म्हणून ते पाण्याजवळ राहूं देऊं नयेत. न्हाणीचें पाणी केळींकडे व गोठ्याचा ओघळ खताच्या खड्ड्याकडे वळविला. काठावर गवत लावलें व गुरांसाठीं वेगळा हौद बांधला. हीं कामें झाल्यावांचून पुढील खर्च व्यर्थ आहे.

नंतर गुंठ्यास अडीच किलो या मानानें कळीचा चुना विरवून, थंड झाल्यावर तळावर पसरला. चुनखडीच्या जमिनींत तो कमी घालावा अथवा मुळींच घालूं नये. ज्यांची बोडी उन्हाळ्यांतही आटत नाहीं, त्यांनीं मरळ, मागूर इत्यादि मांसाहारी मासे नाहींसे करण्यासाठीं मोहाची पेंड वापरावी. मीटरभर खोल पाण्यास गुंठ्यामागें २५ किलो पेंड लागते. तिनें मेलेले मासे खाण्यास चालतात व पुढें पेंडीचें खतच होतें. मात्र तीन आठवडे नवें बीज सोडूं नये व तें पाणी नाल्यांत जाऊं देऊं नये.

मृगाचें पहिलें गढूळ पाणी आम्हीं बाहेरून वळवून दिलें व पुढचें पाणी बारीक जाळींतून आंत घेतलें. श्रावणांत गुंठ्यास ५० प्रमाणें २०० बोटुकल्या सोडल्या: कटला ६०, रोहू ८० व मृगळ ६०. कटला वरच्या, रोहू मधल्या व मृगळ तळच्या थरांत चरतो, म्हणून तिघांत भांडण होत नाहीं. हे मासे सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत, त्यांस पुराचें वाहतें पाणी लागतें. म्हणून बीज दरवर्षीं आणावें लागतें. १९५७ सालीं हिरालाल चौधरी यांनीं कटक येथें अंतःस्रावाची टोचणी देऊन या जातींचें प्रजनन यशस्वी केलें, तेव्हांपासून खात्रीचें बीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. उलट १९५२ सालीं या देशांत आलेला तिलापिया तळ्यांतच वर्षांतून अनेकदां वितो व दाटीमुळें सर्वच मासे खुरटतात. तो बीजांत मिसळून येऊं देऊं नये.

पाण्याची परीक्षा सोपी आहे. हात कोपरापर्यंत बुडवावा. तळहात अंधुक दिसला तर पाणी योग्य. मुळींच न दिसला तर खाद्य थांबवावें. अगदीं नितळ पाणीही नको, कारण किंचित् हिरवेपणा हेंच माशांचें चराऊ रान होय. भाताचा कोंडा व पेंड समभाग मिसळून सकाळीं द्यावी; पहिलें खाद्य उरलें असेल तर दुसरें टाकूं नये.

फाल्गुनांत त्याच ढिवर गृहस्थांनीं जाळें टाकलें. कटला पाऊण किलोपर्यंत भरला. निम्मी मासळी आम्हीं त्यांच्या घरीं पोंचविली. तो धर्म नसून हिशेब होता, कारण त्यांच्या एका वाक्यावांचून आज त्या जागीं मुरुमाचा ढीग असता. त्या उन्हाळ्यांत विहिरीनेंही आम्हांस दगा दिला नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या परसांत असें दुर्लक्षित तळें असेल, त्यांनीं ट्रॅक्टर बोलाविण्यापूर्वीं एक बाटली पाणी भरून रात्रभर ठेवावी, आणि गांवांत जाळें विणणारा एखादा वृद्ध असल्यास त्यास घरीं बोलावून बोडीच्या काठावर बसवावें.