शेवटच्या बाकावरून पडदा

समजा, वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातल्या एका शाळेसाठी गावाने वर्गणी काढून ४३ इंची दूरचित्रवाणी संच आणला आहे. गुरुजींच्या टेबलावर तळहाताएवढा संगणक आहे. एचडीएमआय तारेचे एक टोक संगणकात, दुसरे संचात बसवले, रिमोटवरून योग्य 'इनपुट' निवडले आणि पडदा उजळला. पुढच्या बाकांवर टाळ्या पडल्या. शेवटच्या बाकावरची मुलगी मात्र डोळे बारीक करून शेजारणीला विचारते आहे, "तो घ आहे की ध?"

तार तर बरोबर जोडली, मग अडले कुठे? अडचणी दोन आहेत. त्यांतली लहान आधी पाहू.

नीट पाहिलेत तर चित्राच्या चारही कडा थोड्या कापल्या गेलेल्या दिसतील. संगणकाची खालची पट्टी अर्धीच दिसेल आणि अक्षरे किंचित पुसट वाटतील. याचे मूळ तुमच्या आजोबांच्या काळातील संचात आहे. त्या संचाच्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर एकाखाली एक रेषा ओढीत असे. विजेचा दाब उतरला की चित्र आकसे आणि कडेला काळी पट्टी दिसू लागे. ती दिसू नये म्हणून चित्र मुळातच पडद्यापेक्षा थोडे मोठे ठेवीत. ती नळी गेली, पण सवय उरली! आजचे पुष्कळ संचही आलेले चित्र काही टक्के ताणतात. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे चित्र पाच टक्के ताणले, तर वर २७ आणि खाली २७ ओळी पडद्याबाहेर जातात. शिवाय संगणकाचा एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर नेमका बसत नाही, म्हणून अक्षर पुसट होते. संचाच्या 'पिक्चर साइझ' यादीत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय शोधा. प्रत्येक कंपनीचे नाव निराळे, काम एकच.

एवढे करूनही शेवटच्या बाकावरून घ आणि ध सारखेच दिसतील. आता थोडे गणित करू.

गुरुजींच्या टेबलावर आधी २२ इंची पडदा होता असे धरा. त्यावरील ३ मिलिमीटर उंचीचे अक्षर ते ६० सेंटिमीटरवरून वाचीत. तेच चित्र ४३ इंची पडद्यावर गेले की अक्षर जवळजवळ दुप्पट, म्हणजे ६ मिलिमीटर होते. पण शेवटचा बाक ६ मीटरवर, म्हणजे दहापट दूर आहे. अक्षर दुप्पट आणि अंतर दहापट झाल्यावर त्या मुलीला ते गुरुजींना दिसत होते त्याच्या एक पंचमांश दिसणार! मोठा पडदा तिच्यापुरता लहानच झाला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडील तक्त्यावर ६ मीटरवरून निरोगी डोळ्याने वाचायच्या ओळीतले अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंच असते. आपले अक्षर ६ मिलिमीटरचेच आहे. त्यातून आपली देवनागरी गुंतागुंतीची. भ-म, थ-य यांत फरक तो केवढा! भौतिकशास्त्राच्या उदाहरणात दशांशचिन्हच दिसले नाही तर उत्तर दहापटींनी चुकेल.

यावरून एक जुना संगणक आठवतो. १९८४ साली भारत सरकारने 'क्लास' नावाची योजना सुरू केली आणि सुमारे २५० शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे ब्रिटिश बनावटीचे संगणक मिळाले. या संगणकाची तार साध्या संचाच्या अँटेनाच्या खाचेत बसे. एका ओळीत ८० अक्षरे मांडण्याची सोय त्यात होती, पण साध्या संचावर ती धूसर दिसत. म्हणून ४० अक्षरांच्या २५ ओळी, एवढ्यावर भागवावे लागे. ही तेव्हाची लाचारीच. पण आज ४३ इंची पडद्याची ५३ सेंटिमीटर उंची २५ ओळींत वाटून पाहा. प्रत्येक ओळीला २१ मिलिमीटर मिळतात आणि मोकळी जागा सोडूनही अक्षर शेवटच्या बाकापर्यंत पोहोचते. मला विचाराल तर वर्गात १२ ते १५ ओळींपलीकडे जाऊच नये. संगणकाच्या 'डिस्प्ले' विभागात अक्षरांचे प्रमाण १०० टक्क्यांवरून २०० किंवा ३०० करता येते.

उद्याच एक प्रयोग करा. कागदांवर घ, ध, भ, म, थ, य ही अक्षरे ६, १२ आणि १८ मिलिमीटर उंचीची काढा. पडद्याच्या जागी कागद लावून ६ मीटरवरून एकेकाला वाचायला सांगा. चष्मा असेल त्याने तो घालावा. खिडकीतून आपल्या वर्ध्याचे ऊन थेट समोर येत असेल तर एकदा खिडकी उघडी ठेवून आणि एकदा लावून पाहा, आकडे बदलतील. कोणते अक्षर किती जणांनी ओळखले, ते वहीत मांडा. १८ मिलिमीटरचे अक्षरही ज्याला लागत नाही, त्याचे नाव गुरुजींना सांगा. त्याला पडदा नव्हे, डोळ्यांचे डॉक्टर हवे आहेत.