पापलेट राज्यमासा, पण आजीची ताकद सुक्या बोंबलात

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. तेव्हा पंचविशीत तिथं कामाला लागलेली मंडळी आता ऐंशीच्या पुढे गेली. बोईसरच्या एमआयडीसीत तीन-तीन पाळ्या केलेल्यांची एक अख्खी पिढीही निवृत्त झाली. यांतल्या कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसांचं रात्रीचं जेवण म्हणजे चहा-बिस्किट, नाहीतर वरणाचं पाणी घातलेला गुरगुट्या भात. ‘वय झालं, हलकंच बरं!’ हलकं खरंच बरं, पण त्यात प्रथिनं हवीत. साठीनंतर स्नायू अधिक वेगाने झिजतात आणि ते टिकवायला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या आजींना साठ ग्रॅम. त्यासाठी महागड्या पावडरीचा डबा आणायची काहीच गरज नाही. पालघरच्या बाजारात सगळं मिळतं.

मासळीबाजारातला सर्वांत स्वस्त पैलवान

सातपाटीचं पापलेट प्रसिद्ध. रुपेरी पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मानही मिळाला. पण पेन्शनीत रोज पापलेट परवडायचं कसं? तिथं मदतीला येतात सुके बोंबील. शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात साठाच्या आसपास ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे मूठभर, पंचवीस ग्रॅम बोंबील दोन अंड्यांना भारी पडतात. शिवाय बोंबील वलांडीवर नुसत्या उन्हावाऱ्यात वाळतात, खाऱ्या बांगड्यासारखे मिठात मुरवत नाहीत. रक्तदाबवाल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि खारवलेली मासळी त्यातला मोठा वाटा एका जेवणात संपवते. ज्यांना दात नाहीत त्यांच्यासाठी ओला बोंबील: काटा इतका मऊ की कालवणात सहज खाल्ला जातो.

मासे न खाणाऱ्यांनी फुटाणे मिक्सरमधून काढून ठेवावेत. हे पीठ ताकात कालवलं की चावायचा प्रश्नच मिटतो. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे आधी डॉक्टरांना विचारावं.)

शेवळं घ्या, पण काकडांसकट

पहिल्या पावसाबरोबर आदिवासी बायका स्टेशनबाहेर शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. शेजारी काकड या हिरव्या, आंबट रानफळांचा वाटा. नवखा माणूस नुसती शेवळं घेऊन जातो आणि रात्री घसा खाजवत बसतो. शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. काकडांच्या आंबट रसात भाजी शिजली की खाज मोडते. हे शास्त्र या बायकांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. विचारा, त्या आनंदाने पूर्ण कृती सांगतात. मागोमाग टाकळा, कंटोळी, कोवळ्या बांबूचे वासते येतात. टाकळा रस्त्याकडेला फुकट उगवतो, पण तारापूरच्या कारखान्यांच्या नाल्याकाठचा खुडू नये. आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी शेवळं टाळलेलीच बरी.

दुधाच्या तिप्पट

शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तेवढ्याच दुधात सुमारे एकशे वीस. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावरची नागली ती हीच. आंबील अशी करा: दोन चमचे पीठ रात्री पाण्यात भिजवा, सकाळी उकळत्या पाण्यात ओतून गुठळी न होऊ देता शिजवा, पूर्ण गार झाल्यावरच ताक घाला. गरम असताना घातलं तर ताक फाटतं. वरून जिरेपूड. कवळी काढून ठेवलेल्या आजोबांनाही वाटीभर सहज जाते. नाचणी मोड आणून दळली तर पचायला आणखी सोपी.

फळांतले दोन भाऊ

घोलवडचा चिकू आणि बहाडोलीचं जांभूळ, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. पोट साफ व्हायला चिकू उत्तम, पण तो भलताच गोड. मधुमेह असेल तर अर्ध्यावर थांबा. जांभूळ त्या मानाने निर्धास्त. मात्र बियांची पूड घेतली म्हणून गोळी बंद करायची नाही, हे घरोघरी ठणकावून सांगायला हवं.

दहा रुपयांचं ताट

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली: दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, मूदभर भात, दहा रुपयांत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला, ज्याचा एकट्यासाठी चूल पेटवायचा हुरूपच गेलाय, त्याला हा मोठा आधार. जवळ केंद्र चालू असेल तर संकोच कसला? वरण पातळ वाटलं तर घरून एक उकडलेलं अंडं न्यावं.

आठवडी बाजाराचा प्रवासखर्चही फारसा नाही. पंचाहत्तरीनंतर एसटी मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट. बाजारात सुका जवळा घेताना मुठीत दाबून पाहा. ओलसर लागला किंवा कुबट वास आला तर सोडून द्या, कोरडा असेल तर वर्षभराचा भरा. वापरताना दोन-तीन पाण्यांत धुऊन रेती काढली की झालं.